दारापासून सुईपर्यंत ५३ मिनिटे: मेंदूतल्या गुठळीचे एक प्रकरण

पक्षाघातावरची औषधे, यंत्रे आणि तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयात एकाच छताखाली असतात. तरीही रुग्ण दारात आल्यापासून औषध शिरेत जाईपर्यंत तासभर सहज निघून जातो. हा वेळ जातो कुठे, ते एकाच रुग्णाच्या वाटेवरून मिनिटांच्या हिशेबाने पाहू. प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेले आहे. त्यातल्या वेळा आणि मोजमापे नमुन्याची आहेत. औषधांच्या मात्रा आणि मर्यादा मात्र प्रत्यक्ष उपचारात वापरल्या जातात त्याच आहेत.

रुग्ण आणि पहिला प्रश्न

वय ६४, स्त्री. उजवा हात आणि पाय लुळा, तोंड डावीकडे ओढलेले, डोळे डावीकडे वळलेले. बोलता येत नाही, सांगितलेले फारसे समजत नाही. जुना रक्तदाब, त्यासाठी रामिप्रिल चालू. मुलाने गाडीतून आणले, ९:०५ ला त्या तातडीच्या विभागाच्या दारात होत्या.

"कधी झालं?" असे विचारले की नातेवाईक त्यांना रुग्ण त्या अवस्थेत जेव्हा दिसला ती वेळ सांगतात. मुलगा म्हणाला, "आठ वाजता. बाथरूमच्या दारात पडलेली दिसली." उपचाराला ही वेळ चालत नाही. रुग्ण शेवटचा नीट, नेहमीसारखा कधी दिसला किंवा बोलला, ती वेळ धरायची असते. रात्री अकराला झोपल्या आणि सकाळी आठला पडलेल्या सापडल्या एवढेच कळले, तर घड्याळ रात्री अकरापासून सुरू होते आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची (इथे अल्टेप्लेझची) साडेचार तासांची मुदत केव्हाच उलटलेली असते. मग एमआरआयवर वेगळ्या निकषांनी निवड करावी लागते.

इथे परिचारिकेने रुग्णाचा मोबाइल मागितला. सकाळी ७:२० ला मुलीचा फोन आलेला, बोलणे सहा मिनिटे. मुलीला फोन लावून विचारले, तर आई अगदी व्यवस्थित बोलत होती. घड्याळ ७:२० पासून धरले. म्हणजे औषधाची मुदत ११:५० पर्यंत. मोबाइलमधली कॉलची यादी पाहायला अर्धे मिनिट लागते. ती पाहिली नसती, तर या रुग्णाला औषध नाकारले जाण्याची शक्यता खरीच होती.

वेळापत्रक

९:०५ दारात
९:११ डॉक्टरांनी तपासले, स्ट्रोकचा (पक्षाघाताचा) इशारा दिला
९:१४ हाताच्या पाठीवर २२ नंबरची सुई, रक्ताचे नमुने. साखर १४२, रक्तदाब २०४/११२
९:२५ सीटीच्या टेबलावर
९:२९ साधा सीटी पाहिला, रक्तस्राव नाही
९:३३ कोपराच्या खळगीत १८ नंबरची दुसरी सुई
९:३४ रक्तदाब उतरवणारे लॅबेटॅलॉल १० मिलिग्रॅम शिरेतून
९:३८ रक्तवाहिन्यांचा सीटी, डाव्या बाजूची मोठी वाहिनी बंद
९:४० रक्तदाब १९२/१०६
९:४२ लॅबेटॅलॉल २० मिलिग्रॅम
९:४९ गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आला
९:५१ वजन केले, ६८ किलो
९:५२ रक्तदाब १७६/९८, औषध कालवायला घेतले
९:५८ पहिला डोस

दारापासून सुईपर्यंत ५३ मिनिटे. साठच्या आत म्हणून हा आकडा मासिक अहवालात हिरव्या रंगात दिसेल. नीट उकलून पाहिले तर यातली निदान वीस मिनिटे वाचण्यासारखी होती.

पहिली सहा मिनिटे

९:०५ ते ९:११ या वेळात रुग्ण स्ट्रेचरवर आणि मुलगा केसपेपरच्या खिडकीवर. संगणकात नोंद नसेल तर सीटीची मागणी जात नाही, रक्ताच्या नळीवर चिकटवायला बारकोड निघत नाही. अडचण खरी आहे. यावर तोडगा म्हणजे आधीच तयार ठेवलेले तात्पुरते नोंदणी क्रमांक. अपघाताच्या बेशुद्ध रुग्णाला जसा "अनोळखी" क्रमांक देतात, तसाच स्ट्रोकच्या रुग्णालाही द्यायचा आणि खरे नाव मागाहून जोडायचे.

दारातल्या तपासणीला मिनिटभर पुरते: चेहरा, हात, बोलणे, आणि बोटाच्या थेंबावर साखर. औषधाआधी हातात असलीच पाहिजे अशी रक्ततपासणी ही एकच. साखर फार खाली गेली तर हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र दिसते आणि ग्लुकोज देताच रुग्ण बोलू लागतो. प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे मोजमाप), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) यांचे नमुने जरूर घ्यावेत. पण रुग्ण रक्त गोठू न देणारे औषध घेत नसेल आणि रक्तस्रावाच्या आजाराचा संशय नसेल, तर त्या अहवालांसाठी औषध अडवून ठेवत नाहीत.

सुईचा नंबर

२२ नंबरची निळी सुई सलाईनला पुरते. रक्तवाहिन्यांच्या सीटीसाठी मात्र कॉन्ट्रास्ट (वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून सोडायचे द्रव) सेकंदाला ४ ते ५ मिलिलिटर वेगाने सोडावे लागते. हाताच्या पाठीवरची बारीक शीर एवढा दाब झेलत नाही. ती फुटते आणि कॉन्ट्रास्ट कातडीखाली पसरते. तंत्रज्ञाने नकार दिला, तो योग्यच होता. पण दुसरी सुई सीटीच्या खोलीत लावावी लागली आणि चार मिनिटे गेली. कोपराच्या खळगीत १८ नंबरची, हिरवी सुई दारातच लावायची असते. दोन सुया लागतातच: विरघळवणाऱ्या औषधाला एक वाट स्वतंत्र ठेवायची आणि दुसरीतून बाकीचे सगळे. औषध सुरू झाल्यावर नवीन शीर टोचायला गेले की तिथून रक्त थांबता थांबत नाही.

कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिनची वाट पाहिली नाही, हे चांगले झाले. मूत्रपिंडाचा आजार माहीत नसलेल्या रुग्णात मोठी वाहिनी बंद असण्याचा संशय असेल, तर थांबण्याचा तोटा कॉन्ट्रास्टच्या धोक्यापेक्षा मोठा असतो.

रक्तदाब

सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि चूक अज्ञानातून झाली असेही म्हणता येत नाही. पक्षाघातात रक्तदाब घाईने उतरवू नये हे प्रत्येक डॉक्टरला शिकवलेले असते. वाहिनी बंद असताना आजूबाजूच्या बारीक फांद्यांतून जे थोडे रक्त पोचते, ते त्या वाढलेल्या दाबावरच. ज्याला विरघळवणारे औषध द्यायचे नाही, त्याचा दाब २२०/१२० पर्यंत सहसा तसाच राहू देतात. औषध द्यायचे असेल तर नियम बदलतो: सुरू करण्याआधी १८५/११० च्या खाली, आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली. दाब यापेक्षा वर राहिला तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

९:१४ ला २०४/११२ दिसले तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी "आधी सीटी होऊ दे" म्हणून थांबायचे ठरवले. सीटीत रक्तस्राव निघाला असता तरी दाब उतरवायचाच होता. रक्तस्राव निघाला नाही आणि औषध द्यायचे ठरले, तरीही उतरवायचाच होता. मुदतीत आलेल्या, औषधासाठी योग्य वाटणाऱ्या रुग्णात पहिले लॅबेटॅलॉल ९:१५ च्या सुमारास, सीटीकडे नेताना देता आले असते. १० मिलिग्रॅम एक-दोन मिनिटांत सावकाश, आणि दाब न उतरल्यास आणखी एकदा १० ते २० मिलिग्रॅम. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर लॅबेटॅलॉल टाळून निकार्डिपिनचा पंप: ताशी ५ मिलिग्रॅमपासून, दर ५ ते १५ मिनिटांनी २.५ ने वाढवत जास्तीत जास्त १५. तसे झाले असते तर साधा सीटी पाहताच, त्याच टेबलावर पहिला डोस गेला असता.

"रक्त पातळ करायची गोळी"

मुलाने सांगितले, "आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." या एका वाक्याने दहा मिनिटे खाल्ली. घरोघरी अ‍ॅस्पिरिनलाही हेच म्हणतात आणि रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफेरिन, अ‍ॅपिक्साबॅन, डाबिगॅट्रानलाही. उपचाराच्या दृष्टीने या वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅस्पिरिन चालू असले तरी औषध देता येते. वॉरफेरिन असेल तर आयएनआर १.७ पेक्षा जास्त नको, म्हणजे अहवालासाठी थांबणे आले. अ‍ॅपिक्साबॅनसारखी गोळी गेल्या ४८ तासांत घेतली असेल तर हे औषध सहसा देत नाहीत.

शेवटी घरच्या माणसाने पाकिटाचा फोटो पाठवला: अ‍ॅस्पिरिन ७५. दारातच दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. घरी कुणाला तरी फोन करून सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मागवा. आणि "ही गोळी घेताना मधून मधून रक्त तपासायला सांगतात का?" हा प्रश्न. उत्तर "हो" आले तर वॉरफेरिनचा संशय घ्यायचा. "नाही" आले तरी अ‍ॅपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांची शक्यता उरतेच, म्हणून फोटो हवाच.

वजन आणि मिश्रण

मात्रा किलोला ०.९ मिलिग्रॅम, एकूण ९० च्या वर नाही. मुलाचा अंदाज होता, "पंचाहत्तर असेल." त्यावर मात्रा ६७.५ होते. वजनकाट्याच्या खाटेवर ६८ किलो भरले, मात्रा ६१.२. सहा मिलिग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तो दहा टक्के जास्त आहे, आणि रक्तस्रावाच्या धोक्याशी त्याचा थेट संबंध आहे. वजनाची खाट तातडीच्या विभागात पहिल्या जागेवरच हवी. इथे ती आयसीयूतून मागवली.

६१.२ पैकी दहा टक्के, म्हणजे ६.१ मिलिग्रॅम, एका मिनिटात. उरलेले ५५.१ पुढच्या ६० मिनिटांत पंपाने. अल्टेप्लेझची ५० मिलिग्रॅमची कुपी ५० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवली की एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम, हिशेब सोपा. ग्लुकोजच्या सलाईनमध्ये कालवायचे नाही. कुपी हलवायची नाही, हलक्या हाताने फिरवायची. हलवली तर फेस होतो आणि मोजणी चुकते.

नेहमी घडणाऱ्या दोन चुका आहेत. पहिली: दोन कुप्यांचे १०० मिलिलिटर तयार झाले की ती सगळी बाटलीच पंपाला लावायची आणि "६० मिनिटांनी बंद करू" म्हणायचे. पंपाचा वेग कुणी बदलला किंवा बंद करायला उशीर झाला की जादा औषध गेले. म्हणून जादाचे ३८.८ मिलिलिटर आधीच काढून टाकायचे, पंपाला ५५.१ एवढेच लावायचे. दुसरी चूक याच्या उलट: बाटली रिकामी दिसली की पंप बंद. नळीत अजून बरेच मिलिलिटर औषध अडकलेले असते. बाटली संपल्यावर त्याच वेगाने साधे सलाईन सोडून ते आत ढकलायचे, नाहीतर रुग्णाला ठरलेल्यापेक्षा कमी औषध मिळते.

कुपी महाग असल्याने रक्तदाब खाली येईपर्यंत औषधालय ती फोडत नाही. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. तरी कुपी, पाणी, पंप आणि मात्रेचा तक्ता एका पेटीत सीटीपाशी तयार ठेवले तर कालवायला सहा मिनिटे लागत नाहीत.

अनेक रुग्णालये आता टेनेक्टेप्लेझकडे वळली आहेत: किलोला ०.२५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २५, एकाच झटक्यात, पंप नाही. या रुग्णाला १७ मिलिग्रॅम झाले असते. एक खबरदारी सांगायलाच हवी. हेच औषध हृदयविकाराच्या झटक्यात जवळपास दुप्पट मात्रेत वापरतात, आणि दोन्ही कामांसाठी कपाटात कुपी एकच असू शकते. पक्षाघाताचा तक्ता कुपीलाच बांधून ठेवावा.

संमती

मुलाला समजावून सांगितले ते एवढेच: "मेंदूच्या मोठ्या नसेत गुठळी अडकली आहे. हे औषध ती विरघळवण्याचा प्रयत्न करतं. घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं अपंगत्व त्यामुळे कमी होतं. शंभरातल्या सहा-एक जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तुमच्या आईसाठी आम्हाला औषध देणं योग्य वाटतं." हा सहाचा आकडा १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ चाचणीतला: औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ०.६ टक्के. त्याच चाचणीत तीन महिन्यांनी अपंगत्व नसलेले किंवा नगण्य असलेले रुग्ण औषधाच्या गटात निदान ३० टक्क्यांनी जास्त होते. छापील चार पानांचा फॉर्म वाचून दाखवण्यात दहा मिनिटे जातात आणि नातेवाइकाला त्यातून याहून जास्त काही कळत नाही.

जीभ सुजली

औषध सुरू केल्यापासून पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास अर्ध्या तासाने आणि मग २४ तासांपर्यंत तासाला रक्तदाब आणि मेंदूची तपासणी. डोकेदुखी, उलटी, अचानक गुंगी, दाबात उसळी यांवर लक्ष असतेच. तोंड उघडून जीभ बघायची मात्र राहून जाते.

१०:३६ ला परिचारिकेला खालचा ओठ आणि जिभेची उजवी बाजू सुजलेली दिसली. रामिप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत ही सूज जास्त होते, आणि बहुतेकदा मेंदूच्या इजेच्या विरुद्ध बाजूला दिसते. इजा डावीकडे, सूज उजवीकडे. चित्र जुळत होते. पंप लगेच बंद केला. तोवर एकूण ४० मिलिग्रॅम गेले होते. सूज उतरवण्यासाठी मिथाइलप्रेडनिसोलोन १२५ मिलिग्रॅम, डायफेनहायड्रामिन ५०, फॅमोटिडिन २० शिरेतून दिले आणि भूलतज्ज्ञांना बोलावले. सूज ओठ आणि जिभेच्या पुढच्या भागापुरती असेल तर सहसा श्वासाची नळी लागत नाही. टाळू, जिभेखालचा भाग किंवा घशापर्यंत अर्ध्या तासाच्या आत पसरू लागली, तर श्वासमार्ग बंद होण्याआधी नळी घालावी लागते. इथे रुग्ण गुठळी ओढून काढण्याच्या पुढच्या प्रक्रियेसाठी कॅथलॅबमध्ये (वाहिन्यांत तार घालून उपचार करण्याच्या खोलीत) जाणारच होत्या. वाटेत लिफ्टमध्ये धावपळ होण्यापेक्षा आधीच सगळे तयार ठेवून तिथेच नळी घालावी, असे भूलतज्ज्ञांनी ठरवले.

कॅथलॅब

डावीकडची मधली मोठी वाहिनी मुळाशीच बंद होती. एवढी मोठी गुठळी औषधाने अनेकदा विरघळत नाही, म्हणून औषधाचा परिणाम दिसतो का हे पाहत बसायचे नसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनंतर जांघेतून तार नेऊन गुठळी ओढून काढणे हा सहा तासांच्या आतला ठरलेला उपचार झाला. २०१८ पासून निवडक रुग्णांत ही मुदत २४ तासांपर्यंत गेली.

कॅथलॅबला फोन ९:३९ ला गेला, सुई जांघेत १०:५२ ला टोचली. टेबलावर हृदयाचा ठरलेला रुग्ण होता, तो अर्ध्यावर उतरवता येत नव्हता. दुसरी खोली मोकळी होती, पण तिथली परिचारिका पहिल्या खोलीत हात लावत होती. खोल्या दोन आणि माणसे एकीपुरती, हे मोठ्या रुग्णालयांत सर्रास दिसते. स्ट्रोकचा इशारा दारात दिला जातो तेव्हाच कॅथलॅबला कळवले, तर पुढचा ठरलेला रुग्ण आत घेण्याआधी थांबता येते. निम्मे इशारे फुकट जातील, हे मान्य करावे लागते.

दोन प्रयत्नांत गुठळी निघाली. ११:२४ ला वाहिनी जवळजवळ पूर्ण मोकळी, शेवटच्या बोलण्यापासून ४ तास ४ मिनिटांनी. त्यानंतर दाब १८० च्या वर जाऊ दिला नाही, आणि १४० च्या खाली ओढूनही आणला नाही. गुठळी काढल्यावर दाब फार उतरवणे रुग्णाला नडते, हे अलीकडच्या चाचण्यांत दिसले आहे.

पुढचे दिवस

२४ तास अ‍ॅस्पिरिन नाही, नाकातून नळी नाही, स्नायूत इंजेक्शन नाही. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत आतल्या भागात पांढुरका डाग दिसला. प्रक्रियेतले कॉन्ट्रास्ट मेंदूत झिरपून असे दिसू शकते. दुहेरी ऊर्जेच्या सीटीत रक्त नसल्याचे ठरले, मग अ‍ॅस्पिरिन सुरू केले.

श्वासनळी काढल्यावर गिळण्याची चाचणी झाली, त्यात ठसका लागला. त्याचा अर्थ तोंडाने काहीच नाही: पाणी नाही, गोळीही नाही. खाटेवर मोठ्या अक्षरात तशी पाटी लावली, कारण भेटीच्या वेळी मायेपोटी घोटभर पाणी दिले जाते आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया दिसतो. पायांना हवेच्या दाबाच्या पट्ट्या लावल्या. पहिल्या २४ तासांत वारंवार, जोर लावून उभे करण्याचा हट्ट धरला नाही. २०१५ च्या मोठ्या चाचणीत त्याने निकाल बिघडले होते. बसवणे, कूस बदलणे, बोलण्याचे उपचार हे दुसऱ्या दिवसापासून.

आल्याबरोबर काढलेल्या ईसीजीत ठोके नियमित होते. तिसऱ्या रात्री मॉनिटरवर चाळीस मिनिटे अनियमित ठोके दिसले, आणि गुठळी हृदयातून आल्याचे कारण सापडले. इजा मध्यम आकाराची होती. पाचव्या दिवशी पुन्हा सीटी पाहून अ‍ॅपिक्साबॅन सुरू केले आणि त्याच दिवशी अ‍ॅस्पिरिन थांबवले. थांबवल्याची नोंद औषधांच्या तक्त्यावर नसेल तर घरी दोन्ही चालू राहतात आणि महिन्याभरात रक्ताची उलटी घेऊन रुग्ण परत येतो.

आल्यावर पक्षाघाताच्या तीव्रतेचे गुण (जितके जास्त तितका पक्षाघात तीव्र) १७ होते, नवव्या दिवशी घरी जाताना ५. हात अजून अशक्त, शब्द अडखळत, चालणे आधाराने. डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी मोठ्या अक्षरात लिहिल्या. अ‍ॅपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एकही वेळ चुकवायची नाही. अ‍ॅस्पिरिन बंद, घरातले पाकीट काढून टाका. रामिप्रिल आणि त्या गटातली कोणतीही गोळी पुन्हा कधीही नाही, कारण जीभ सुजली होती. "रक्त पातळ करायची गोळी" हे शब्द कार्डावर कुठेच वापरले नाहीत. कार्डाचा फोटो मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगितला.